सिंकखालच्या बादल्यांतला नाकतोडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात अंबरातल्या, म्हणजे झाडाची राळ घट्ट होऊन दगडासारखी झालेली, तिच्यात अडकलेल्या नाकतोड्याचा फोटो आला, बघून फार बरं वाटलं, पण खाली फक्त दोन ओळी की निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं नाव दिलेला छोटा टोळ सापडला. अहो, तो टोळधाडीतला टोळ नाही, तो टेट्रिजिडी घराण्यातला बुटका नाकतोडा. त्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीत पण आहेत, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या शेवाळलेल्या दगडांवर नीट बघा, नखाएवढे, मातीच्या रंगाचे, शेवाळ खाऊन राहतात.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. मिल्टन सँडरसन या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधून अंबर गोळा केलं, साधारण ७३ किलो. त्यातलं थोडं अभ्यासलं गेलं आणि बाकीचं अमेरिकेतल्या इलिनॉय नॅचरल हिस्ट्री सर्व्हे या संस्थेमध्ये सिंकखाली बादल्यांत पडून राहिलं ते थेट २०१० पर्यंत. मग तिथले जीवाश्म-अभ्यासक सॅम हेड्स आणि त्यांच्या लोकांनी एकेक खडा घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघायला घेतला, कारण वरून मळकट असतो, आत काय आहे ते घासल्याशिवाय कळतच नाही. त्यातच हा नाकतोडा सापडला.

किडा दिसला म्हणून लगेच नाव देता येत नाही. पाठीवरची ढाल मागे पोटावर कुठपर्यंत गेलीय, पुढच्या चार पायांच्या पावलांना दोन-दोन आणि मागच्यांना तीन-तीन सांधे आहेत का, कपाळावरची कड कशी फाटते, हे बघत बघत आधी घराणं, मग उपघराणं ठरतं. हा निघाला क्लॅडोनोटिनी उपघराण्यातला, ज्यातले आजचे बहुतेक बिनपंखाचे असतात, आणि याला मात्र इवलेसे खुरटे पंख! म्हणजे १ कोटी ८० लाख ते २ कोटी वर्षांपूर्वी पंख जायच्या वाटेवर होते पण पुरते गेले नव्हते, ते मधलं रूप राळेत जसंच्या तसं राहिलं. २०१४ मध्ये नाव दिलं, इलेक्ट्रोटेटिक्स अ‍ॅटनबरोई.

अंबर आपल्याकडे नाही असं पण नाही, सुरतजवळ वस्तानच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीतलं अंबर ५ कोटी वर्षांहून जुनं आहे, आणि ते मऊ असल्यामुळे विरघळवून आतला किडा बाहेर काढता येतो.

हे सगळं लिहायचं कारण, मी तीस वर्षं एका कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये होतो. तिथल्या किड्यांच्या जुन्या पेट्या रंगकामाच्या वेळी गच्चीवर टाकल्या आणि वर पाऊस पडला, सगळ्याचा लगदा झाला. सरांनी शाईनं लिहिलेली लेबलं मी रडत रडत वेचली. एकच पेटी वाचली, 'भीमाशंकर, ऑगस्ट १९७२' लिहिलेली. सिंकखाली का होईना, तिकडे कुणी फेकून तर दिलं नाही!

तुमचे वार्ताहर गावोगावी आहेत, जुन्या कॉलेजांच्या कपाटांत काय काय पडलंय एवढं तरी विचारून छापा. माझ्या पेटीत दोन बुटके नाकतोडे आहेत, अजून नाव न लागलेले, टेट्रिजिडीवर काम करणारं कुणी हे वाचत असेल तर पेपरच्या ऑफिसात कळवा, मी स्वतः पेटी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, सातारा