पावती लिहून घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणालाही वाचता येईल असं लिहितेय, पण त्यात तुमचं नाव घातलेलं नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हा कागदाचा मार्ग. शिवाय आज कोणीतरी नव्यानं परदेशात पाऊल ठेवत असेल, कोणाचं ऐकावं आणि कोणापासून चार हात लांब राहावं या विचारानं रात्र रात्र जागत असेल. तुम्ही मला जे दिलंत ते त्याच्याही कामाला यावं असं मनापासून वाटतं.

परक्या देशात गेल्यावर सर्वांत आधी बंद पडते ती माणूस ओळखण्याची आपली सवय. ओळखीच्या जगात कोण कसा आहे हे मुद्दाम विचारावं लागत नाही. तो कोणाचा कोण, त्याचं पूर्वी कोणाशी काय बिनसलं, तो शब्दाला जागतो की नाही, हे सगळं आपसूक कानावर आलेलं असतं. परदेशात यातलं काहीच हाताशी नसतं. समोरचा हसून बोलला तर ती आपुलकी की धंद्याची रीत, हेही उमगत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत घर, बँक, नोकरीचा करार, विमा, डॉक्टर हे सगळे निर्णय एकामागून एक घ्यायचे असतात. त्यात एकटेपण. दिवसभर कोणाशी मनमोकळं बोलणं झालं नसलं की जो आपल्या भाषेत दोन शब्द बोलेल तो सख्खा वाटू लागतो.

तुम्हीही माझ्याच भाषेच्या. पण 'आपण एका भाषेच्या, माझ्यावर सोड' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पहिले आभार त्याचे.

घराची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. फोटो सुरेख, भाडं त्या भागाच्या मानानं फारच कमी आणि मालक म्हणे कामानिमित्त परदेशी. अनामत रक्कम आधी पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल, आणखी दोघंजण मागे लागलेत तेव्हा आजच काय ते कळवा, असा निरोप. मी तुमच्याकडे आले तेव्हा मला फक्त हो किंवा नाही एवढंच ऐकायचं होतं. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली ओढलात, माझा फोन मधोमध ठेवलात आणि म्हणालात, "चल, दोघी मिळून बघू." फोटोवरून इंटरनेटवर शोध कसा घ्यायचा ते तुम्ही मलाच करायला लावलंत. तोच दिवाणखाना, खिडकीपाशी तोच निळा सोफा, दुसऱ्याच शहरातल्या एका हॉटेलच्या जाहिरातीत निघाला. मग करार उघडलात. तुमचं बोट घरमालकाच्या नावावर थांबलं, तिथून सरकत खाली बँक खात्याच्या नावावर आलं. नावं दोन, आणि खातं तिसऱ्याच देशातलं. तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात, आणि 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून आला.

तुम्ही पहिल्याच मिनिटाला 'हा फसवतोय' म्हणाला असतात तरी माझे पैसे वाचलेच असते. पण मग पुढच्या प्रत्येक कागदाला मला तुमच्या दारात यावं लागलं असतं. तुम्ही मला स्वतःवर अवलंबून ठेवलं नाहीत. परदेशात नव्या माणसाला मदत करणारे बरेच भेटतात, पण मदत करून बाजूला होणारे फार थोडे. काहींना आपल्यावाचून दुसऱ्याचं अडलेलं बरं वाटतं. त्यात दरवेळी वाईट हेतू असतो असंही नाही, पण जिथे हेतू वाईट असतो तिथे सुरुवात अशीच होते. 'बाकीच्यांना विचारू नकोस, ते तुला भलतंच सांगतील.' तुम्ही नेमकं उलट करायचात. "मला असं वाटतं, पण अजून एकाला विचारून घे," हे वाक्य तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी ते म्हणालं की माझा त्याच्यावरचा विश्वास आपोआप वाढतो.

पासपोर्टच्या वेळी मात्र तुम्ही स्वतःचं मत राखून ठेवलं नाहीत. कामाला लावून देणाऱ्या मध्यस्थानं 'सुरक्षित राहील' म्हणून पासपोर्ट आपल्याकडे जमा करायला सांगितला होता, आणि नोकरी मिळवून दिल्याचं शुल्क पगारातून कापून घेण्याचा कागदही पुढे केला होता. तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. झेरॉक्स दे, मूळ प्रत देऊ नकोस, म्हणालात. पासपोर्ट ही तो देणाऱ्या सरकारची मालमत्ता असते, तो आपल्याजवळ बाळगायचा असतो, आणि तो ठेवून घेण्याचा हक्क ना मालकाला असतो ना मध्यस्थाला. मी नंतर या विषयावर पुष्कळ वाचलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीची मजुरी ओळखण्याची ११ लक्षणं सांगितली आहेत. ओळखीची कागदपत्रं काढून घेणं हे त्यांतलं एक, आणि कर्जाच्या ओझ्याखाली अडकवणं हे दुसरं. याच संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी रोजगार संस्थांनी काही मोजके अपवाद सोडता कामगाराकडून शुल्क घ्यायचं नसतं. अर्थात प्रत्येक देशानं तो स्वीकारलेला नाही. पण माणूस कसा आहे हे त्याच्या एका मागणीवरून तुम्ही ओळखलंत, तेही कुठलं कलम तोंडपाठ नसताना. ते तुम्हाला कसं जमलं हे मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तो तुझ्या हातातलं काढून घेतोय ना, एवढं बघायचं." त्याच संध्याकाळी तुम्ही मला आपल्या वकिलातीत नाव नोंदवायला लावलंत आणि तिथला फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवायला सांगितलंत. मोबाइल नेमका नको तेव्हा बंद पडतो म्हणून कागदावर. परदेशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते, आणि तसा हक्क आहे हे विनाविलंब सांगणं तिथल्या यंत्रणेवर बंधनकारक असतं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम हेच सांगतं. ते वापरायची वेळ माझ्यावर आली नाही, पण तो कागद अजून पाकिटात आहे.

ताई, सर्वांत जास्त आभार ज्याचे मानायचे ते आता लिहिते. अनामत रकमेला माझ्याकडे पैसे कमी पडत होते. तुम्ही ते स्वतःहून पुढे केलेत आणि लगेच वही ओढलीत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, तारीख, परत करायची मुदत, दोघींच्या सह्या. अशा दोन प्रती केल्यात आणि एक माझ्या हातात दिलीत. मला तेव्हा क्षणभर लागलं. एवढ्या जवळच्या माणसाला कागद कशाला, असं वाटलं. तुम्ही ते चेहऱ्यावरून ओळखलं असणार, कारण म्हणालात, "हा कागद माझ्यापेक्षा तुझ्या उपयोगाचा आहे. उद्या मी जास्त मागितले तर?" पुढे मी पैसे फेडले तेव्हा माझ्या प्रतीवर 'पूर्ण मिळाले' असं लिहून तारखेसकट सही केलीत, आणि वाचून बघ म्हणालात. मी वाचून पाहिलं.

आपल्या माणसाकडे पावती मागायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकतो, तरी परदेशात ती भीड दुप्पट होते, कारण तिथे आपली माणसं मुळातच थोडी असतात आणि त्यांना दुखवायची भीती वाटते. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. चार्ल्स पॉन्झी १९०३ मध्ये इटलीतून अमेरिकेत बोस्टनला आला, आणि १९२० मध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवून त्यानं हजारो लोकांचे पैसे गोळा केले. सुरुवातीला पैसे गुंतवणाऱ्यांत त्याच्यासारखेच इटलीहून आलेले कष्टकरी पुष्कळ होते. नव्यांचे पैसे जुन्यांना देत त्यानं काही महिने डोलारा उभा ठेवला आणि त्याच वर्षी तो कोसळला. आपल्यातलाच आहे, हीच त्यांच्यापाशी त्याची हमी होती. आपल्या मंडळींतही एका 'खात्रीच्या' गुंतवणुकीची चर्चा सुरू झाली तेव्हा तुम्ही भर बैठकीत उभं राहून तीन गोष्टी विचारल्यात: नोंदणी कुठे झालीय, हिशेब कोण तपासतं, आणि हवे तेव्हा पैसे काढता येतील हे लिहून मिळेल का. उत्तर आलं नाही. उलट तुमच्यावरच 'आपल्या माणसावर विश्वास नाही' असा ठपका आला. तुम्ही तो शांतपणे झेललात. त्या खोलीत माझ्यासारखे कितीतरी नवे लोक बसले होते, ज्यांना हे प्रश्न पडले होते पण विचारता येत नव्हते. त्या सगळ्यांच्या वतीनंही हे आभार.

घरी पैसे पाठवण्याचंही तुम्हीच समजावलंत. 'शुल्क शून्य' या जाहिरातीवर भुलू नकोस, विनिमयाचा दर बघ, आणि शेवटी पलीकडच्याच्या हातात किती पडतात तेवढंच धर. जगभराचा हिशेब पाहिला तर २०० डॉलर पाठवताना सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास रक्कम वाटेतच जाते. ती २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तोवर ज्यानं त्यानं स्वतःच दर ताडून बघणं आलं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की तुम्ही मला संशय घ्यायला शिकवलंत. तसं नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. संशय घेत घेत कोणी कुठल्या देशात रुळत नाही. तुम्ही मला छोट्या छोट्या गोष्टींनी विश्वास टाकायला शिकवलंत. शेजारच्या आजोबांकडे आधी एखादं पार्सल ठेवून घ्यायला सांगायचं. ते नीट मिळालं, त्यांनी ते उघडलं नाही, चार लोकांत त्याची चर्चा केली नाही, की मग कधीतरी घराची दुसरी किल्ली. आपल्याच भाषेच्या लोकांत गुरफटून राहू नकोस, वाचनालयात जा, औषधांच्या दुकानातल्या बाईंशी बोल, भाषेच्या वर्गात शेजारी बसणाऱ्याचं नाव विचार, असा तुमचा लकडा असायचा. मला त्याचा कंटाळा यायचा, कारण परक्या भाषेत बोलताना माणूस दमून जातो. पण माझ्या हक्काची रजा मला मिळत नाहीये हे भाषेच्या वर्गातल्याच एकीनं सांगितलं, आणि आताच्या नोकरीचं तिच्याकडूनच कळलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही बहुधा ठाऊकच असतं. तुम्ही ही गोष्ट अनुभवातून जाणत होतात.

आणि दुभाष्याचं ते तर मी आता प्रत्येकाला सांगते. समोरच्या पक्षानं आणलेला माणूस कितीही गोड असला तरी आपला दुभाषी तो नव्हे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. 'आजच करा' असा आग्रह झाला तर तेवढंच कारण उद्यावर ढकलायला पुरेसं आहे. मी असं सांगितल्यावर एका कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर, घरी नेऊन वाचा." त्या दिवशी मला फार आनंद झाला. खऱ्या माणसाला आपल्या विचारण्याचा राग येत नाही, हे मी तुमच्याखेरीज आणखी कोणात तरी पाहत होते.

एकदा मी माझी सगळी मूळ कागदपत्रं तुमच्याकडे ठेवायला आणली होती. तुम्ही पिशवी उघडलीसुद्धा नाहीत. बँकेतल्या लॉकरची चौकशी करायला माझ्याबरोबर आलात, अर्ज मी भरत असताना लांब खुर्चीवर बसून राहिलात, आणि मी पासवर्ड टाकताना मान दुसरीकडे वळवलीत. तुम्हाला ते आठवतही नसेल. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की या बाईंचं ऐकायचं.

आता तुमचीच बदली झालीय. नवा देश, नवी भाषा, आणि या वयात पुन्हा घर शोधणं. तुम्ही फोनवर 'होईल सगळं' म्हणालात, पण आवाज थकलेला होता. तेव्हा एक हक्कानं मागते. घराचा करार आला की सही करण्याआधी मला पाठवा. मालकाचं नाव आणि खात्याचं नाव मी ताडून बघेन, फोटो शोधून पाहीन, आणि तिथे राहणाऱ्या दोघांचे नंबर मिळवलेत, ते वेगळे पाठवते. त्यांना माझ्या नावानं फोन करा, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या पद्धतीनं पारखून घ्या. अनामत रकमेला पैसे कमी पडले तर संकोच न करता सांगा. वही माझ्याकडे आहे, दोन प्रती करेन.

प्रकृतीची काळजी घ्या. रविवारी फोन करते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
धाकटी बहीण