सहभाग हवा, पण उघड अटींवर

महोदय,

नाताळ जवळ आला की आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. पहिला बाहेरून येतो: ख्रिस्ती समाजाने ‘मुख्य प्रवाहात’ मिसळावे, सणावारांत इतरांसारखा भाग घ्यावा, आपले वेगळेपण जपत बसू नये. दुसरा आमच्याच काही व्यासपीठांवरून दिला जातो: गणेशोत्सवाच्या मांडवाकडे फिरकू नका, राजकारण, नाटके, साहित्य संमेलने ही सारी ‘जगाची’ कामे आहेत, तेव्हा चर्चच्या आवारात राहाल तर विश्वास शाबूत राहील. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही हा विषय अधूनमधून येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दोन्ही सल्ले देणारे एकमेकांचे विरोधक असले तरी ख्रिस्ती माणूस समाजाच्या जितका जवळ जाईल तितका त्याचा विश्वास पातळ होईल, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. सार्वजनिक जीवनातील कोणते काम सर्वांचे सामाईक आहे आणि कोणती कृती उपासना आहे, हे ओळखून तसे आधीच उघडपणे सांगता आले, तर पहिल्यात झोकून देता येते आणि दुसरीपासून कोणालाही न दुखावता बाजूला राहता येते.

‘मुख्य प्रवाहात या’ या आवाहनाबद्दल आधी थोडे बोलले पाहिजे. नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या जातींतून आली, त्यांना गावच्या देवळाच्या पायरीवर आणि पाणवठ्यावर मज्जाव होता. ज्यांच्या पणजोबांना त्या संस्कृतीने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या पणतवंडांना आज ‘तुम्ही बाहेर का राहता’ असे विचारणे जरा चमत्कारिक आहे. तरीही प्रश्न विचारणाऱ्यांतील बरेच जण सद्हेतूने विचारतात, म्हणून त्याचे उत्तर देणे आमचे काम आहे.

आमच्याकडे या उत्तराची मोठी परंपरा आहे आणि ती बरीचशी आम्हीच विसरलो आहोत. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झाले, तेव्हा मराठी पत्रसृष्टी नुकती कुठे उभी राहत होती. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये विधवांच्या दुःखावर मराठीत कादंबरी लिहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी भजन आणि कीर्तन उपासनेत आणले; आजही रविवारी आम्ही त्यांची पदे टाळांच्या साथीने म्हणतो. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी घरच्यासारखे राहिले. यातले काहीही मराठी साहित्यात ‘ख्रिस्ती कोपरा’ म्हणून केलेले नव्हते. त्या त्या काळी मराठी माणसापुढे जो प्रश्न होता, त्यात त्यांनी हात घातला. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. त्यावर मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मतभेद असू शकतात, मलाही काही शंका आहेत. पण आपण कोणाचे भक्त आहोत हे लपवून माणसे जोडावीत, असे टिळकांच्या मनातही आले नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच होते. मी पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी काम थांबे. लेथ आणि मिलिंगच्या बेडवरची बुरादी झाडून, मशिन कॉटन वेस्टने पुसून, त्यावर तेलाचा हात फिरवला जाई. व्हर्नियर, मायक्रोमीटर, टॅप-डाय असे सगळे टेबलावर कापड अंथरून मांडले जाई आणि दारात झेंडूचे हार ओवायला चार जण बसत. नोकरीच्या सुरुवातीलाच मी फोरमनसाहेबांना सांगितले की साफसफाई, मांडणी, हार, बाजारातून आणणे-सवरणे, जे म्हणाल ते करतो. फक्त हत्यारांना कुंकू लावणे आणि आरती तेवढी दुसऱ्याला सांगा, माझ्या विश्वासात ते बसत नाही. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरं, मग पेढे तूच आणायचे आणि वर्गणीचा हिशेबही तूच ठेवायचा.” पुढे निवृत्त होईपर्यंत तो हिशेब माझ्याकडेच राहिला. आरती चालू असताना मी मागे हात जोडून उभा राही. त्यामुळे कोणाशी वितुष्ट आले नाही. हे आधी न सांगता त्या दिवशी रजा टाकली असती, किंवा नाराजीने कुंकू लावून रविवारी चर्चमध्ये कुरकुर केली असती, तर दोन्हीकडचा विश्वास गमावला असता असे मला वाटते. अर्थात प्रत्येक ठिकाणी असाच समजूतदार फोरमन भेटेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

प्रसादाच्या प्रश्नावर तर आमच्या तरुण संघांत तासन्‌तास वाद होतात. हा वाद नवा नाही. पहिल्या शतकात ग्रीसमधील करिंथ शहरात मूर्तींना अर्पण केलेले मांस बाजारात विकायला येई आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांना हाच पेच पडला होता. सुरुवातीच्या काळातील ख्रिस्ती प्रचारक प्रेषित पौल याने दिलेले उत्तर आजच्या दोन्ही टोकांच्या लोकांना अडचणीचे आहे. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खा. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नका, आणि तेही स्वतःपेक्षा सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, असा त्याच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सल्ल्याचा आशय आहे. मी माझ्यापुरता याचा अर्थ असा लावला आहे: शेजारच्या घरून आलेले दिवाळीच्या फराळाचे ताट आनंदाने घ्यायचे आणि आपल्या नाताळच्या करंज्या त्याच ताटातून परत पाठवायच्या, पूजेनंतर हातावर ठेवला जाणारा प्रसाद मात्र हात जोडून नम्रपणे नाकारायचा, आणि त्या वेळी प्रवचन द्यायचे नाही. माझ्याच मंडळीतील काही जण प्रसाद घेतात. त्यांचा विश्वास माझ्याहून उणा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, हेही पौलानेच रोमकरांना लिहिले आहे.

असा नकार देण्याचा अधिकार ही कोणाची मेहेरबानी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. केरळमधील तीन शाळकरी भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून 1985 मध्ये शाळेतून काढण्यात आले होते. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. त्यांच्या शिकवणुकीशी आम्ही मुख्य प्रवाहातील चर्चचे लोक सहमत नाही, आणि मी स्वतः राष्ट्रगीत मनापासून म्हणतो. पण ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत होती, एवढेच की गात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 1986 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. आदर दाखवणे आणि सामील होणे यांत अंतर ठेवता येते हे या निकालाने मान्य केले, आणि विवेकाने वागणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला तो आजही उपयोगी आहे.

इथपर्यंत आमच्या मंडळींतील वाचक माना डोलावतील. पण हाच नियम संस्था आमच्या हातात असताना आम्ही पाळतो का, हा प्रश्न आम्ही फारसा विचारत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय उपासनेत वा धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, असे अनुच्छेद 28 सांगतो. मिशनच्या शाळेतील हिंदू किंवा मुसलमान मुलाने प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहायचे ठरवले, तर खंडेनवमीला मला जी वागणूक मिळाली तीच त्याला मिळाली पाहिजे.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा, म्हणजे विधवा व मुलींसाठी काढलेल्या शाळा-वसतिगृहाचा, इतिहास या बाबतीत पुन्हा वाचण्यासारखा आहे. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील ज्या मंडळाने पैसा दिला आणि पुण्यातील ज्या सुधारकांनी सल्लागार म्हणून नाव दिले, त्या सर्वांना मान्य असलेली अट अशी होती की येथे धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही. रमाबाईंनी मुलींना त्यांचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक ठेवली. पण त्या स्वतःच्या खोलीत आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आमच्याकडे ही गोष्ट रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगितली जाते आणि विरोधकांकडे फसवणुकीची म्हणून. मला दोन्ही कथने अपुरी वाटतात. स्वतःच्या खोलीतली प्रार्थना सोडायला त्या बांधील नव्हत्या आणि दार लावून घेणे त्यांना लपवाछपवी वाटले असणार. पण लहान वयाच्या, सर्वस्वी आश्रित मुलींवर प्रेमळ बाईच्या उदाहरणाचा केवढा प्रभाव पडतो, याची काळजी रानड्यांसारख्या माणसाला वाटली तर तिला द्वेष म्हणता येत नाही. पुढे 1898 मध्ये अमेरिकन मंडळाची मुदत संपल्यावर रमाबाईंनी केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालवले. तो मार्ग मला अधिक सरळ वाटतो, कारण तिथे येणाऱ्याला कुठे येत आहोत हे ठाऊक होते. आणि शारदा सदनाचे श्रेयही कमी होत नाही: तिथेच शिकलेल्या गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, हिंदूच राहिल्या, आणि आनंदीबाई म्हणून कर्व्यांच्या कामाचा कणा ठरल्या. ख्रिस्ती बाईने केलेल्या कामाचे फळ ख्रिस्ती समाजाबाहेर रुजले, याचा आम्हाला अभिमान वाटायला हवा. तो का वाटत नाही, हे मला उमगत नाही.

अलीकडचे उदाहरण वसईचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबलचे मराठीकरण केले, आणि हरित वसईच्या लढ्यात विहिरी, वाड्या आणि शेतजमिनी वाचवण्यासाठी सर्व जातिधर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात पाण्याला धर्म नव्हता, पण फादरांच्या अंगावरचा झगाही उतरला नव्हता. उस्मानाबादला जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून विरोध झाला; तरीही संमेलन झाले आणि हजारो मराठी वाचकांनी त्यांना ऐकले. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या जागी मराठीत लिहिणारा, सर्वांच्या प्रश्नावर बोलणारा तरुण ख्रिस्ती माणूस शोधायला गेले तर फार फिरावे लागते, कारण आमची पुढची पिढी इंग्रजी उपासनेकडे, इंग्रजी गाण्यांकडे आणि परदेशी उपदेशकांच्या चित्रफितींकडे वळली आहे. जगापासून जपा असे ज्या मुलांना सांगितले जाते, त्यांना अमेरिकन बाजाराचे जग मात्र ख्रिस्ती वेष्टनात घरपोच मिळते. शेजारच्या मांडवाची भीती आणि या बाजाराची नाही, हा उफराटा हिशेब आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तपासायला हवा.

येत्या गणेशोत्सवापूर्वी शहरातील मंडळ्यांनी तरुण संघांत या विषयावर एक मोकळी बैठक घ्यावी: सोसायटीचे रक्तदान शिबिर, निर्माल्याचे संकलन, वर्गणीचा हिशेब यांत कोण काय काम घेणार, आणि आरतीच्या वेळी आपण कसे वागणार हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधी कोण सांगणार, एवढे ठरले तरी पुरे. आपणासही एक विनंती आहे. नाताळच्या पुरवणीत केक, चांदणी आणि मध्यरात्रीच्या मिस्साची छायाचित्रे दरवर्षी छान येतात; त्याच पानावर एखाद्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा, शिक्षिकेचा किंवा नगरसेवकाचा त्यांच्या गावच्या पाणी, शाळा वा कचऱ्याच्या प्रश्नावरचा लेखही छापावा.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती वाचक,
पिंपरी-चिंचवड