सिस्टर, आधी दंडाचा घेर मोजलात म्हणून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

शाळांमध्ये समुपदेशन करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलांची समजूत घालणारे पुष्कळ असतात. शाळेच्या परिचारिका म्हणून तुम्ही आधी वजनकाट्याची जागा बदललीत. त्याबद्दल मनापासून आभार.

रांग लावायची, एकेकाला काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचा, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की त्यात वावगं काही कुणाला दिसतच नव्हतं. तोच आकडा मधल्या सुट्टीत टोपणनाव होतो. तुम्ही काटा पडद्याआड नेलात, एका वेळी एकालाच आत बोलावलंत, मुलाला आकड्याकडे पाठ करून उभं केलंत आणि न बोलता नोंद केलीत.

रक्तदाबाचंही तसंच. दंड जाड असला आणि त्याला बांधायचा हवेचा पट्टा, म्हणजे कफ, लहान पडला तर आकडा खोटाच वर जातो. मग निरोगी मुलाच्या कार्डावरही 'बीपी जास्त' असा शेरा पडतो आणि चिडवणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. तुम्ही टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजता. कफच्या आतली हवेची पिशवी त्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढते की नाही ते पाहता. मुलाला पाच मिनिटं पाठ टेकवून बसवता आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवता. प्रौढांवरच्या एका अभ्यासात (तो २०२३ साली प्रसिद्ध झाला) सर्वांत मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. एवढा फरक म्हणजे नसलेला आजार माथी मारण्यासारखं आहे.

आम्ही सर्वांत जास्त शिकलो ते तुमच्या वहीतून. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, कोण ऐकत होतं आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. 'मुलाला त्रास देतात' असं लिहिलं की पुढे काहीच होत नाही. 'जिन्यात, दुसऱ्या तासानंतर, तिघांसमोर, अमुक शब्द' असं लिहिलं की त्या वेळी जिन्यात शिक्षक उभा करता येतो. मोबाइलवरच्या मेसेजचा तुम्ही आधी नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायला लावता, मग ब्लॉक करायला सांगता. क्रम उलटा झाला की पुरावा हातून जाऊ शकतो.

दोघांना समोरासमोर बसवून 'आता मिटवा' म्हणायला तुम्ही ठाम नकार दिलात, ते फार बरं झालं. भांडण बरोबरीच्यांत असतं. इथे एक जण दबलेला असतो, आणि त्या बैठकीची किंमत नंतर त्यालाच मोजावी लागते. आणखी एक वाक्य तुमच्या तोंडून कधी आलं नाही: 'थोडं वजन कमी कर, म्हणजे कुणी बोलणार नाही.' हे ऐकलं की चिडवणाऱ्यांचंच बरोबर आहे असं मूल धरून चालतं. मग डबा तसाच परत जातो, लपून खाणं सुरू होतं, खेळाच्या तासाला पोट दुखायला लागतं. घरी लाडाने ठेवलेलं नावही त्याच जखमेवर बसतं, हे पालकांना न दुखावता सांगणं तुम्हाला छान जमतं.

मुलांना तुम्ही एकच वाक्य पाठ करून देता: 'माझ्या शरीराबद्दल बोलू नकोस.' एकदाच म्हणायचं आणि तिथून निघायचं. वाद लांबला की बघे जमतात आणि चिडवणाऱ्याला हवं ते मिळतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला फक्त 'चल, माझ्याबरोबर ये' एवढं म्हणायला शिकवता. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने तुम्ही स्वतः पुन्हा विचारता, कारण पहिल्या तक्रारीनंतर त्रास बऱ्याचदा थांबत नाही, फक्त जागा बदलतो.

एक विनंती आहे. त्या वहीच्या एका कोऱ्या पानाची प्रत आम्हाला द्याल का? रकाने तुम्ही आखलेत तसेच हवे आहेत, 'कोण ऐकत होतं' हा रकाना तर नक्कीच.

आपले कृतज्ञ,
शालेय समुपदेशक