हिचा तंबोरा

सांगली,
रविवार, पहाटे

प्रिय मित्रा,

तुझे तीन फोन घेतले नाहीत, रागावला असशील. फोनवर बोलायला सुचत नाही रे, म्हणून लिहितोय. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे. तो विषय संपला.

हिचा तंबोरा आठवतो ना? 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि आमच्या गल्लीत होडी आली. हिनं घराची कागदपत्रं माझ्या हातात कोंबली आणि स्वतः तंबोरा उराशी धरून होडीत बसली. कागदपत्रं भिजली. तंबोऱ्याला थेंब लागला नाही! दोन वर्षांनी ही गेली. तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात मी झाडूसुद्धा मारू देत नव्हतो.

दिवाळीच्या साफसफाईत सुनेनं विचारलं, "बाबा, उघडून बघू?" एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. गवसणीला अजून कापराचा वास. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो.

कारागिरानं भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली, कान लावला. "पट्टी कुठली?" मी पटकन हिच्या गाण्याचा सूर सांगितला, "काळी चार." जशी काही ही घरी रियाजाला बसली आहे. "कोण गातं?" यावर मात्र मला बोलता येईना. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, पुन्हा कानस. तार गुंजावी म्हणून घोडी अशी घासतात, तिला जवारी काढणं म्हणतात; त्याला अर्धा दिवस लागला. तार आणि घोडी यांच्यामध्ये तो दोरा सरकवतात ना, त्याला 'जीव' म्हणतात, हे मला या वयात कळलं.

तोवर मी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन बसलो. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 पासून तिथंच विसावलेत. उरुसात आपण तिथं गाण्याच्या नावाखाली रात्र जागवायचो. खरं सांगायचं तर भज्यांसाठी. बायको मुलांना घेऊन निघून गेल्यावरही खाँसाहेबांसारखा माणूस मिरजेत राहून गात होता, हे तेव्हा आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. परवा मात्र तेच डोक्यात घोळत होतं.

आता मुख्य गोष्ट. लग्नानंतर ही रोज पहाटे तंबोरा लावायची आणि विचारायची, "खर्जातून गंधार ऐकू येतोय का?" खर्ज म्हणजे खालचा सा, गंधार म्हणजे ग. चार तारांत गंधाराची तार नसतेच. पंचम म्हणजे प, मग जोडाच्या, म्हणजे एकाच सा ला मिळवलेल्या दोन, शेवटी खर्ज. पण जवारी नीट लागली की खर्जातून गंधार आपोआप उमटतो म्हणे. मी तीस वर्षं "हो, हो" म्हणत आलो. मला कधीच ऐकू आला नाही. चहाची घाई असायची.

महिनाभर मी रोज पहाटे नुसत्या तारा जुळवतो. गायचा प्रश्नच नाही, माझा आवाज तुला माहीत आहे. परवा जोड एकदम मिळाला, खर्ज छेडला आणि वरून, कुठूनसा, गंधार आला. स्पष्ट! मित्रा, मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग लाज वाटली. हिच्याशिवाय एवढा आनंद व्हावा? पण थांबलो नाही, तासभर छेडत बसलो. सून दारात येऊन उभी. "बाबा, काय झालं?" म्हटलं, "अगं, गंधार." तिला काय कळणार!

जिला सांगायचं ती नाही, म्हणून तुला सांगतोय. संक्रांतीला ये. पहाटे उठवून तंबोऱ्यासमोर बसवीन. आणि ऐकू आला नाही, तर नुसतं "हो" म्हणू नकोस.

तुझा,
सांगलीकर