कोपरीच्या बाइंडर काकूंस

सप्रेम नमस्कार काकू,

माझी भिजलेली तिकिटं वाचवून दिल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेढ्यांचा पुडा आणला तर त्यातले दोन काढून घेतलेत आणि उरलेला माझ्याच पिशवीत परत घातलात. निघताना फक्त एवढंच म्हणालात, "हे बाकीच्यांना सांग रे. लोकं ओला कागद हेअर ड्रायरने वाळवतात." म्हणून हे पत्र उघड लिहितोय. नाव तुम्ही घालू नकोस म्हणालात, ते घातलेलं नाही.

तुम्हाला माहीत आहे ते इतरांसाठी आधी सांगतो. मी जुन्या करमणूक उद्यानांची तिकिटं जमवतो. तिकिटं, कुपनं, घडीचे नकाशे, माहितीपत्रकं, हातावर बांधायच्या कागदी पट्ट्या. जत्रेतल्या आकाशपाळण्याची गुलाबी कुपनंसुद्धा, ज्यांच्यावर ना गाव असतं ना साल, नुसता आकडा. आकाशपाळणा लोखंडाचा असतो, तो विकला जातो, गंजतो, भंगारात जातो. आपण तिथे गेलो होतो एवढं सांगणारा कागद मात्र दरवाजावर फाडतात आणि अर्धा आपल्या हातात देतात. तो अर्धा कागद बहुतेक जण गेटाबाहेरच टाकतात. मला तो टाकवत नाही, लहानपणापासून.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार दिवस गावी होतो. परतलो तर खोलीत ओलीचा वास. वरच्या मजल्यावरची गळती भिंतीतून झिरपत थेट लोखंडी कपाटावर उतरली होती. वरच्या कप्प्यात दोन अल्बम आणि एक बुटांचा खोका, म्हणजे माझा जवळजवळ सगळा संग्रह. अल्बम उघडला तेव्हा पानं उघडलीच नाहीत, सगळा एकच गठ्ठा झाला होता. मी खरोखर ड्रायर हातात घेतला होता. बायकोने आमच्या ओळखीच्या एका ग्रंथपाल ताईंना फोन लावला आणि त्यांनी तुमचा नंबर दिला, म्हणून वाचलो.

तुम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाहीत. पहिला प्रश्न, "भिजून किती तास झाले?" दुसरा, "फ्रीजर आहे ना? रिकामा कर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तुम्ही शांतपणे समजावलंत. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. एवढ्या वेळात शंभर तिकिटं एकट्याने सुटी करून वाळवणं शक्य नाही आणि घाई केली की फाटतात. गोठवलं की बुरशी थांबते. मग रोज झेपतील तेवढीच बाहेर काढायची. त्या रात्री मटार, मासे, बर्फाचे ट्रे सगळं शेजारी गेलं आणि आमच्या फ्रीजरमध्ये झिपच्या पिशव्यांतून डिस्नेलँड, अप्पू घर आणि एस्सेलवर्ल्ड जाऊन बसलं.

हे तुम्ही २६ जुलै २००५ नंतर शिकलात, हे नंतर कळलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्या पाण्यात भिजलेली दप्तरं पुढे कुठे गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. एका कचेरीची रजिस्टरं तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात आली होती. सुटी करून पंख्याखाली पसरली ती वाचली. थप्पीत राहिली ती चौथ्या दिवशी काळी पडली. ते सांगताना तुमचा हात त्या थप्पीची उंची दाखवत होता, अजून समोर असल्यासारखा.

मग दर रविवारी कोपरी. तुमची ती तळमजल्याची खोली, लोकल गेली की थरथरणारी तावदानं, कोपऱ्यातला लाकडी शिकंजा, टीपकागदाचे गठ्ठे आणि हाडाची ती गुळगुळीत पट्टी, जिला तुम्ही मला सहाव्या रविवारपर्यंत हात लावू दिला नाहीत.

इथे इतर जमवणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. माझा मोठा अपराध पाण्याच्या आधीचा होता. मी तिकिटं बाजारात मिळतात त्या मऊ प्लास्टिकच्या खिशांत ठेवली होती. नव्या रेनकोटला येतो तो वास ज्या प्लास्टिकला येतो, ते पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं, शाई ओढून घेतं आणि कागदाला चिकटतं. काही तिकिटांवरची अक्षरं कागदावर नव्हतीच, प्लास्टिकवर उलटी उमटली होती. त्याऐवजी पॉलिस्टरचे खिसे वापरावेत. ते कडक, कुरकुरीत असतात आणि त्यांना वास नसतो. सेलोटेप कधीही नको. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. आणि ड्रायरबद्दल, काकूंच्या आज्ञेवरून: हल्ली बहुतेक ठिकाणी मिळणारी तिकिटं थर्मल कागदावर छापतात. त्या कागदाला उष्णता लागली की तो आपोआप काळा होतो, कारण त्याची छपाईच उष्णतेने होते. नुसतं ठेवलं तरी ती अक्षरं काही वर्षांत विरतात. ती घरी आल्याबरोबर दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घ्या. माझी अकरा गेली. ती काकूंनाही परत आणता आली नाहीत.

काकू, तुम्ही एकेक तिकीट हातात घेऊन नुसतं बोटांनी ओळखायचात. शिकागोचं तिकीट आठवतं? मावसभावाने तिकडच्या जुन्या बाजारातून पाठवलेलं. १८९३ सालचं जागतिक प्रदर्शन, जिथे जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचा पहिला भलामोठा आकाशपाळणा उभा केला होता. पाळण्यात बसायचे ५० सेंट वेगळे, प्रवेशाचे ५० सेंट वेगळे. बनावट तिकिटं निघू नयेत म्हणून ती नोटा छापणाऱ्या अमेरिकन बँक नोट कंपनीकडून छापून घेतली. लिंकन, वॉशिंग्टन, कोलंबस यांची चित्रं, नोटेसारखी बारीक नक्षी. ते सगळं मी तुम्हाला भडाभडा सांगत होतो आणि तुम्ही कोपरा चिमटीत धरून म्हणालात, "यात चिंध्या आहेत. याला काही होत नाही." झालं नाहीच. पाण्यातून काढलं, टीपकागदात ठेवलं, दुसऱ्या दिवशी ताठ. वर म्हणालात, "१८९३? आपलं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच सालचं." मी ठाण्यात जन्मलो, त्या ग्रंथसंग्रहालयात वाढलो आणि हा मेळ माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

उलट दिल्लीच्या अप्पू घराचं तिकीट. १९८४ साली सुरू झालं, २००८ साली बंद पडलं, आता त्या जागी सर्वोच्च न्यायालयाची वाढीव इमारत आहे. कागद अगदी हलका, लगद्याचा. ते तुमच्या हातातच तीन तुकडे झालं. तेव्हा तुम्ही आत गेलात आणि वाटीत काहीतरी पांढरं घेऊन आलात.

कुरडईचा चीक! मी बघतच राहिलो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून टाकायची, खाली बसतो तो चीक. तो पाण्यात पातळ शिजवला की खळ. तुम्ही म्हणालात, चोपड्या बांधताना मैद्याची खळ करून त्यात मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण मोरचूद जुन्या कागदाला बरा नाही आणि मैद्याने जोड कडक होतो. चिकाची खळ मऊ राहते आणि उद्या कोणाला सोडवावंसं वाटलं तर पाण्याने सुटते. "आपण जोडलेलं पुढच्याला सोडवता आलं पाहिजे," असं म्हणत तुम्ही केसाएवढी खळ ब्रशने ओढत होतात. आता त्या तिकिटाचे तुकडे उजेडात धरले तरच दिसतात.

आत्याची डिस्नेलँडची कुपनं तुम्हाला फार आवडली नव्हती, हे मला कळलं होतं. तरी ती मला प्रिय आहेत. तिथे १९५५ साली, उघडल्यावर काही महिन्यांतच, कुपनांची पुस्तिका आली. आधी ए, बी, सी, मग १९५६ साली डी, १९५९ साली ई. ई म्हणजे सगळ्यांत भारी पाळणे, ए म्हणजे घोड्यांचा गोल फेरा, घोडागाडी वगैरे. १९८२ साली ही पद्धत संपली. लोक ई आधी संपवायचे आणि ए-बी पाकिटात उरायची. आत्या १९७४ साली नर्स म्हणून कॅलिफोर्नियात होती. तिच्या पाकिटातही ए आणि बीच उरली होती. पुस्तिकेच्या कव्हरवर तिने बॉलपेनने तारीख घातली होती. ती टिकली. दुसऱ्या एका तिकिटावरची फाउंटनपेनची सही मात्र निळा डाग होऊन पसरली. "बॉलपेनात तेल असतं," तुम्ही म्हणालात, "आणि शिसपेन्सिलीला पाण्याचं काहीच वाटत नाही."

ते वाक्य तुम्ही पाचव्या रविवारी म्हणालात. सहाव्या रविवारी आपण माझी शाळेची वही काढली.

ती वही मी तुम्हाला शेवटी दिली होती, कारण त्यात मोलाचं काही नाही असं मला वाटत होतं. नऊ वर्षांचा असताना त्यात मी माझं पहिलं तिकीट चिकटवलं होतं. एस्सेलवर्ल्डचं, १९९३ सालच्या मे महिन्यातलं. गोराईला ते सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि आमच्या चाळीतलं कोणीतरी जाऊन आलं की महिनाभर तेच बोलणं. आम्ही घोडबंदरमार्गे बसने बोरिवली, तिथून पुढे खाडीतून लाँच. मी लाँचमध्ये पप्पांचा हात सोडला नव्हता. घरी येऊन ते तिकीट डिंकाने वहीत चिकटवलं, छापील बाजू वर. बत्तीस वर्षं मी तीच बाजू बघत होतो.

डिंक पाण्यात विरघळतो. वही भिजली होती, तिकीट सुटं झालं होतं. तुम्ही पट्टी त्याच्याखाली सरकवलीत, ते उचलून टीपकागदावर ठेवलंत आणि मी लगेच पुढचं पान धरलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब. हे उलटं कर बघू."

मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पप्पा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, पेन्सिल कायम कानावर. मिळेल त्या कागदावर हिशेब. अक्षर मी ओळखलं आणि पुढचं तुम्ही वाचून दाखवलंत, कारण मला दिसत नव्हतं.

लाँच ४ माणसं. वडे, चहा. येताना बस. शिल्लक २७. आणि खाली, वेगळं, थोडं तिरकं: छोटीची उंची कमी पडली. पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो नाही. पप्पांच्या कंपनीला टाळं लागलं. नंतर कधी विषयही निघाला नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते तिकीट या सगळ्या काळात माझ्या कपाटात होतं, मी लोकांना अभिमानाने दाखवत होतो आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं माझ्या डिंकाखाली होतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. चहा टाकलात. परत येऊन त्या तिकिटाला एकटं टीपकागदात घातलंत, वर काचेचा तुकडा आणि जात्याची खुंटी ठेवलीत, आणि मला म्हणालात, बहिणीला आज फोन कर, उद्या नको.

ती ऐरोलीला असते. त्याच संध्याकाळी आली. आता ती आमच्या घरात सगळ्यांत उंच आहे. तिला उंचीच्या पट्टीपाशी अडवलेलं आठवतच नव्हतं. तिला आठवत होतं ते हे, की मी आणि आई पाळण्यात होतो तेवढा वेळ पप्पांनी तिला खांद्यावर बसवलं होतं आणि ती आम्हाला हात करत होती. तिने तिकीट हातात घेतलं, तुम्ही शिकवलं तसं कडांनी, आणि बराच वेळ मागचीच बाजू बघत बसली.

तुमच्याकडून घरी आणलेली सगळी तिकिटं मी त्या आठवड्यात उलटी करून पाहिली. एकावर जांभळा रबरी शिक्का, एकावर शीतपेयाची जाहिरात, कुणाचा तरी फोन नंबर, सहा आकडी. करमणूक शुल्काच्या ओळी, ज्या २०१७ साली जीएसटी आल्यावर तिकिटांवरून गेल्या. आता प्रत्येक तिकीट पॉलिस्टरच्या खिशात आहे, मागे कागद न लावता, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचता येतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, कपाट भिंतीपासून वीतभर दूर, आणि वरच्या कप्प्यात काही नाही.

काकू, एक काम राहिलंय. चार तिकिटांचं ते एकमेकांना घट्ट बसलेलं पुडकं अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे. तुम्ही म्हणाला होतात, पाऊस जाऊ दे, हवा कोरडी झाली की बघू. हवा कोरडी झाली. हा कुरडयांचा हंगाम नाही, पण आईला सांगितल्यावर तिने आज सकाळी गहू भिजत घातले. रविवारी चीक घेऊन येतो.

तुमचा,
तिकीटवाला