सात वाजताचा फोन

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगावं म्हणून दोनदा फोन लावला. पहिल्यांदा बाबांनी आधी रक्तदाबाचा आकडा सांगितला, दुसऱ्यांदा आई म्हणाली, "आवाज का बसलाय गं तुझा?" दोन्ही वेळा मी गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. पत्रात निदान बाबांना ऐकू न आल्याचं सोंग घेता येणार नाही.

तर, मी कॉलेज सोडलं. सोडायचा विचार आहे असं नाही, सोडलं. राजीनामा देऊन तीन आठवडे झाले. एक तारखेपासून मी संग्रहालयात रुजू होतेय, तिथल्या मैफली आणि व्याख्यानं बघणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात, आणि ते ऐकलं की मला काही म्हणजे काही सुचत नाही. बारावीनंतर काय झालं होतं ते आठवा.

बाबा, आता तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असणार. परत लावा, पुढे बरंच आहे.

पगार थोडा कमी आहे. थोडाच. पण विमा आहे आणि त्यात आईवडिलांची नावं घालता येतात, हे मी सही करण्याआधी विचारून घेतलं. मुलाखतीत तीन गंभीर माणसं संगीताच्या भवितव्याबद्दल विचारत होती आणि मी विचारत होते की गुडघ्याचं ऑपरेशन विम्यात बसतं का. बसतं. तेव्हा बाबा, "पुढच्या वर्षी बघू" हे कारण आता संपलं.

तुमचा मुख्य प्रश्न मला माहीत आहे, गेल्या वेळी विचारून झालाय: जुन्या वस्तू बघायच्या जागेत गाणं कशाला? मी तेव्हा चिडले आणि उत्तर दिलंच नाही. आता देते. 1939 साली युद्ध सुरू झालं तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती. इमारत रिकामी. मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाई होत्या, त्यांनी तिथे दुपारच्या मैफली करायचं ठरवलं. 10 ऑक्टोबरला पहिली झाली. चाळीस-पन्नास माणसं येतील असा त्यांचा अंदाज होता, आली हजाराच्या घरात. पुढे बॉम्ब पडायला लागले तेव्हा मैफली तळघरात नेल्या, पण थांबवल्या नाहीत. 10 एप्रिल 1946 पर्यंत 1698 मैफली झाल्या. हा आकडा खास तुमच्यासाठी, बाबा. बाकीचे लोक ही गोष्ट सांगताना धैर्याबद्दल बोलतात. मला मात्र वाचल्यापासून एकच प्रश्न पडलाय: पहिल्या दिवशी हजार लोक दारात आल्यावर आत कुणाला, कुठे, कशावर बसवलं असेल? तेव्हाच मला कळलं की हे काम मला जमेल.

कारण काम हेच आहे. तुम्हाला वाटत असेल मी मखमली खुर्चीत बसून कलाकार निवडणार. निवड होते, पण ती दीड-दोन वर्षं आधी, कागदावर, आणि अर्धी त्यांच्या मोकळ्या तारखांवरून होते. उरलेलं सगळं बाबांच्या वळणाचं आहे. दालनात आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॉट उष्णता देतो. 200 श्रोते बसवले की 20 किलोवॉटची शेगडी पेटवल्यासारखंच, वर त्यांच्या श्वासाची वाफ निराळी. हवेची यंत्रणा चालू ठेवली तर तिच्या घरघरीत तंबोरा बुडतो, बंद केली तर चित्रांजवळचा आर्द्रतेचा काटा चढायला लागतो. जतन विभागातल्या बाई तो काटा बघत दाराशी उभ्या असतात, आतून गायकाला वाटतं त्या तल्लीन झाल्यात. जुन्या कापडावर नि कागदावर 50 लक्सच्या वर उजेड चालत नाही, आणि वादकाला समोरची नोटेशन दिसायला हवी असते. फुलं नाहीत, कारण फुलांबरोबर किडे येतात. समई नाही. दालन बंद झाल्यावर तासाभरात मंच उभा करायचा, कार्यक्रम संपला की रात्रीतच काढायचा, सकाळी शाळेची सहल यायच्या आत.

परवा मी रिकाम्या मोठ्या दालनात उभी राहून टाळी वाजवली आणि आकडे मोजले. तुम्ही जिन्यात शिकवलं होतंत ना, वीज गेलेली असताना, मला भीती वाटू नये म्हणून? टाळी विरायला तीन सेकंदांच्या वर वेळ लागतोय. म्हणजे तिथे आलाप छान उतरेल, पण ताना एकमेकींत मिसळून जातील, आणि व्याख्यान तर ठेवायचंच नाही, दहाव्या रांगेत नुसता गोंधळ पोचेल. पहारेकरी माझ्याकडे बघत होता. मी आणखी एक टाळी वाजवली.

आई, तुला वाटत असेल, पत्र बाबांनाच चाललंय.

तू विचारशील असं एक सांगते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात क्रिस्तोफोरीनं, म्हणजे ज्यानं पियानो शोधून काढला त्यानंच, 1720 मध्ये बनवलेला पियानो आहे. आज शिल्लक असलेल्या पियानोंमध्ये सगळ्यात जुना. अशा वाद्यांचं काय करायचं यावर आमच्या क्षेत्रात माणसं आयुष्यभर भांडतात. वाजवलं तर झिजतं. झिजलेला भाग बदलला तर मूळ कारागिरानं काय केलं होतं त्याचा पुरावा जातो. वाजवलंच नाही तर वाद्य उरतं, पण त्याचा आवाज कुणाच्या कानावरच पडत नाही. दोन्ही बाजूंची माणसं शहाणी आहेत. मी अजून कुठल्याच बाजूची नाही.

आतल्या खोलीतल्या खोळीबद्दल मी काही म्हणत नाहीये. खरंच नाही. फक्त काढणार नसशील तर तारा थोड्या सैल करून ठेव, खोळ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, त्या भिंतीला ओल येते.

मला ती मैफल आठवते गं, ज्यात माझा एक बूट हरवला. मी तुझ्या मांडीवर झोपले होते आणि तुझ्या पोटातून षड्ज ऐकू येत होता, तू तोंड न उघडता लावत होतीस. परत येताना बाबांनी खांद्यावर घेतलं. एक पाय गार, एक पाय उबदार. मुलाखतीत विचारलं, "या क्षेत्राकडे कशा वळलात?" मी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. खरं उत्तर तो बूट होता.

आता अवघड भाग. सात वाजताचा फोन यापुढे नेहमी जमणार नाही. सात म्हणजे आमच्या कार्यक्रमाची वेळ, मी पडद्यामागे कुणाचं तरी पाण्याचं भांडं शोधत असेन. शनिवार-रविवारीही येता येणार नाही, आमची सगळी गर्दी त्याच दोन दिवसांत. हे लिहायला मी तीन दिवस घेतले. पण ऐका, संग्रहालय सोमवारी बंद असतं. म्हणजे रविवारी रात्री उशिरा निघाले तर सोमवारी सकाळी तुमच्याबरोबर चहाला, आणि मंगळवारी पहाटे परत. दर आठवड्याला नाही, पण पंधरा दिवसांनी नक्की. उलट हेच बरं नाही का? डॉक्टरांकडे शनिवारी केवढी रांग असते, सोमवारी मी तुम्हाला दोघांनाही घेऊन जाईन. बँकही उघडी असेल. (मीच मला पटवतेय हे कळतंय मला. तरी बँक उघडी असेलच.)

फोन आता सकाळी साडेआठला. तोवर बाबांचं फिरणं झालेलं असेल. झालं नसेल तर मला कळेल, दम लागलेला नसतो. गोळ्यांच्या डबीत वारांचे कप्पे आहेत ते शोभेला नाहीत, रविवारीच भरून ठेवायचे. न्हाणीघरातला दांडा बसवायला माणूस गुरुवारी येतोय, त्याला "गरज नाही" म्हणून परत पाठवू नका, पैसे देऊन झालेत. रात्रीचा दिवा पॅसेजमध्येच राहू दे. कामाच्या मावशींना मी दुपारीही डोकावायला सांगितलंय, त्यांच्याशी वाद घालू नका, त्या माझ्या बाजूच्या आहेत. आई, स्टुलावर चढायचं नाही. पडदे मी काढेन.

आणि बाबा, कानाचं यंत्र. ते ड्रॉवरमध्ये आहे, मला माहीत आहे. त्या व्याख्यानाला तुम्ही तासभर मान डोलावत होतात आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "छान बोलले." घरी पोचेपर्यंत आईनं हळूच विषय बदलला. मला सगळं दिसलं होतं, मी बोलले नाही इतकंच. आमच्या सभागृहात खुर्च्यांभोवतीनं एक तार फिरवून इंडक्शन लूप बसवता येतो. ध्वनिक्षेपकातला आवाज त्या तारेतून चुंबकीय रूपात येतो आणि यंत्रातलं टी-कॉइल तो थेट पकडतं. शेजाऱ्याचा खोकला नाही, खुर्च्यांची करकर नाही, फक्त बोलणारा. वक्ता कानाशी बसल्यासारखा. माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात पहिली ओळ तीच आहे. संचालकांना तरुण श्रोते हवेत, मलाही हवेत, पण भर पावसात छत्री घेऊन व्याख्यानाला येतात ते पांढऱ्या केसांचेच, आणि त्यांतले निम्मे नुसती मान डोलावतात असा मला संशय आहे. तुमच्या यंत्रात टी-कॉइल आहे की नाही ते त्या दुकानदाराला विचारा. असतं बहुतेकदा, चालू करून दिलेलं नसतं. सोमवारी मीच आले की विचारू, पण तोवर रोज तासभर तरी ते कानात घाला, सवय मोडली की त्रास होतो.

रागावला असलात तर रागवा, पण साडेआठनंतर.

तुमची,
चिऊ

ता. क. व्याख्यानाच्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या मी कुणाला देणार नाही. तिथे पायऱ्या नाहीत, आणि पाय लांब करता येतो.