पुढचा पार्ट बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गाडीच्या काळ्या धुराबद्दलचं तुझं पत्र मिळालं. ‘ऑक्सिजन सेन्सर मागवू का?’ एवढंच शेवटी विचारलंयस, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. मागवू नकोस. निदान मी खाली लिहिलंय ते तपासून होईपर्यंत तरी नको.

स्कॅनरवर पी ०१७२ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे मिश्रण रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे) अशी तक्रार नोंदली गेली. ती केली कोणी? एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरनेच. आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, प्लग काजळलेत, हे तू स्वतः लिहिलंयस. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. त्यालाच बदलणं म्हणजे बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा देणं झालं. तो खराब होऊन ‘हवा जास्त, हवा जास्त’ असं खोटं सांगत बसला असता, तर ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवत नेलं असतं, धूर तोच आला असता, पण कोड उलटा, लीनचा (पेट्रोल कमी असल्याचा), पी ०१७१ आला असता. हा फरक छोटा वाटतो, पण त्यानेच अर्धं काम सोपं होतं.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तू जाता जाता लिहिली आहेस. गाडी गरम असताना बंद केली, वीसेक मिनिटं उभी ठेवली आणि पुन्हा चालू केली, की धूर. सकाळी थंड गाडी मात्र झटक्यात चालू होते आणि नीट चालते. अशा येत्या-जात्या बिघाडात ‘काय’ होतंय यापेक्षा ‘कधी’ होतंय हे जास्त सांगून जातं. म्हणून गाडीत एक वही ठेव. धूर आला की तेवढंच लिही: गाडी किती वेळ उभी होती, टाकीत पेट्रोल किती होतं, नुकतं भरलं होतं का, पाऊस होता का, किती वेळाने आपोआप बरी झाली. दोन-तीन आठवड्यांची अशी नोंद हाताशी असली, तर कोणताही चांगला मेकॅनिक तुझे आभार मानेल.

आता मुख्य गोष्ट. एखादा स्वस्त स्कॅनर मिळवून लाइव्ह डेटा बघ आणि फ्युएल ट्रिमवर, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय त्या आकड्यावर, नजर ठेव. धूर येत असताना ट्रिम उणे पंधरा-वीस टक्क्यांवर गेलेली दिसली, तर ईसीयूला मिश्रण रिच झाल्याचं कळलंय आणि तो पेट्रोल कापायला धडपडतोय. म्हणजे जास्तीचं पेट्रोल दुसऱ्याच वाटेने आत येतंय, किंवा हवेचं माप सांगणारा सेन्सर चुकीचं सांगतोय. ट्रिम अधिकमध्ये असूनही धूर असला, तर ईसीयूलाच कोणी तरी फसवतंय; तेव्हा एक्झॉस्टमध्ये सेन्सरच्या आधी कुठे गळती आहे का, एखादा सिलिंडर मिसिंग करतोय का, म्हणजे त्यात मिश्रण नीट पेटत नाही का, हे बघायचं. न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचला, की त्याला मिश्रण लीन वाटतं. आणि ट्रिम शून्यावर गोठलेली असून गाडी गरम होऊनही ‘ओपन लूप’ (ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता पेट्रोल देणं) दिसत असेल, तर ईसीयूच्या लेखी इंजिन अजून थंडच आहे.

यातूनच तुझी दुसरी तक्रारही उलगडते. धूर नसतो त्या दिवशीही गाडीला पिकअप नसतो, रेस तरंगते, असं तू लिहिलंयस. रिच असताना ईसीयूने पेट्रोल कापायची सवय लावून घेतलेली असते. बिघाड अचानक गेला तरी ती सवय लगेच जात नाही, म्हणून काही वेळ इंजिन लीन चालतं. त्यामुळे तुझ्या गाडीत दोन आजार आहेत असं समजू नकोस; बहुधा एकच आहे.

माझा पहिला संशय कूलंट टेम्परेचर सेन्सरवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर) आहे, त्याहून जास्त त्याच्या कनेक्टरवर. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तुझ्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील. आता कनेक्टरच्या पिनवर गंज चढून दोन हजार ओहमची भर पडली, तर तापलेलं इंजिन ईसीयूला तेवीस-चोवीस अंशांचं दिसतं. तो इमानेइतबारे थंड इंजिनाला देतात तसं जादा पेट्रोल देतो. डॅशबोर्डवरचा काटा गरमच दाखवतो, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो. काट्यावर विसंबू नकोस.

माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. कनेक्टर काढला तेव्हा वरून सगळं ठाकठीक दिसत होतं. रबरी सील मात्र आक्रसून कडक झालं होतं आणि एका पिनच्या बुडाशी हिरवट पूड जमली होती. दुसरी पिन सॉकेटमध्ये जेमतेम टेकत होती, पकड अशी उरलीच नव्हती. गाडी उभी राहिली की बोनेटखालची उष्णता वाढते, प्लास्टिक फुगतं, पिन सुटते. मेकॅनिकने बोनेट उघडलं की वारा लागून थोड्या वेळात सगळं जागेवर, आणि गाडी ठणठणीत. म्हणून तुझा मेकॅनिक ‘मला काहीच दिसत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला दोष देऊ नकोस. त्याच्यासमोर बिघाड खरोखरच नसतो.

तू असं कर. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी फिरवून, इंजिन चालू न करता, स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघ. दोन्ही जवळजवळ सारखी असली पाहिजेत. मग गाडी तापू दे. आकडा न अडखळता ८५-९५ पर्यंत चढून तिथेच स्थिरावला पाहिजे. फार हळू चढत असेल किंवा हायवेवर खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय. मध्येच पन्नासने उडी मारत असेल, तर वायर किंवा कनेक्टर. त्या वेळी मदतीला कोणाला तरी घे. त्याने स्क्रीन बघायची आणि तू वायरिंग हळूहळू हलवायचं, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. बिघाड हजर होत नसेल, तर केस सुकवायच्या ड्रायरने कनेक्टर तापवून बघ.

तापमान निर्दोष निघालं, तर फ्युएल प्रेशर रेग्युलेटरकडे (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाकडे) वळ. त्यावरून मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून नाकाशी धर. तो कोरडा हवा. आत पेट्रोलचा ओलावा किंवा उग्र वास असेल, तर आतला पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनात जातंय. आयडलिंगला व्हॅक्यूम जास्त असतो, म्हणून तेव्हा ही गळती वाढते. हे बघताना इंजिन बंद आणि थंड असू दे, आणि जवळपास ठिणगी उडेल असं काही नको.

तिसरा संशय ठिबकणाऱ्या इंजेक्टरवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागावर. गरम गाडी बंद केल्यावर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) पेट्रोल थेंबथेंब आत उतरतं आणि पुढच्या स्टार्टला धूर होतो. तुझ्या लक्षणाशी हेही जुळतं. इथे प्लग खूप काही सांगतात. धूर आल्यावर लगेच गाडी बंद कर, इंजिन निवू दे आणि चारही प्लग काढून ओळीने ठेव. एकच कोरडा काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर. चारही सारखेच काजळलेले असतील तर कारण सगळ्यांचं मिळून एक आहे, म्हणजे प्रेशर किंवा सेन्सर. कोणता प्लग कुठला, हे काढतानाच लिहून ठेव. प्रेशर गेज लावून घेता आला तर उत्तमच. इंजिन बंद केल्यावर प्रेशर काही मिनिटं टिकलं पाहिजे. झपाट्याने पडलं तरी लगेच इंजेक्टरला धरू नकोस, पंपातला व्हॉल्व्हही असं करतो. फक्त त्याने गाडी रिच होत नाही, चालू व्हायला वेळ घेते.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही असं लिहिलंयस. पडणारच नव्हता. कार्बोरेटरच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण रिच होतं. तुझ्या गाडीत आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल दिलं जातं.

एक गोष्ट मात्र आजच कर. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घे. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालंय; बेअरिंग खराब व्हायच्या आत बदल. त्या ऑइलमधून उठणारी वाफ ब्रीदरच्या पाइपातून परत इंजिनात जाते आणि मिश्रण आणखी रिच करते, म्हणजे मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही ट्रिम उणेच दिसत राहील. धूर सुरू असताना गाडी दामटू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं, आणि तो वितळला तर आतापर्यंतचा सगळा खर्च किरकोळ वाटेल.

ही गाडी तू किती जिवापाड जपली आहेस ते मी पाहिलंय, म्हणूनच एवढं लांबलचक लिहिलं. सकाळची दोन तापमानं आणि धुराच्या वेळची ट्रिम, एवढे आकडे आधी कळव. प्लगचे फोटोही पाठव.

तुझा,
जुना मित्र

ता. क. वहीत ‘टाकी फुल केल्यावर धूर’ अशी नोंद वारंवार दिसली, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पर्ज व्हॉल्व्ह बघ. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह उघडा अडकला, की अगदी असंच होतं. आयडलिंगला त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढून त्या पाइपाचं तोंड बोटाने बंद कर. तेवढ्याने धूर थांबला आणि ट्रिम वर यायला लागली, तर बिघाड तिथेच आहे.